डाएटचाचांचं पथ्य

डाएटचाचा लग्नात जेवायला बसले की त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. ते सरळ दुसऱ्याच्या ताटातली जिलेबी उचलून बाजूला ठेवत आणि वर विचारत, "डिझेलच्या टाकीत रॉकेल टाकशीन काय? मंग पोटात काहून टाकून राह्यला?"

वणीत कोळशाचे ट्रक दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. पन्नाशीत साखर निघाली, तेव्हा चालून आणि ज्वारीच्या भाकरीवर राहून त्यांनी सुटलेलं पोट उतरवलं. मग लोकच विचारायला येऊ लागले. चाचांनी गॅरेजमध्ये टेबल मांडलं, बाहेर 'आहारतज्ज्ञ' अशी पाटी लावली आणि आपली जुनी ढगळ पँट भिंतीवर टांगली. कुणी शिक्षण विचारलं की पँटकडे बोट दाखवत. "हे माह्यं लायसन."

माणूस मोठा लाघवी. माझ्या पित्तापायी ते गॅरेजशेजारच्या माझ्या दुकानात येऊन माझाच चहा पिऊन टाकायचे. एकदा पथ्य ऐकून एक म्हातारी रडायला लागली. चाचा तिच्याजवळ बसले. "रडतं कायले माय? पथ्य आहे म्हणजे आशा आहे. ज्याले डॉक्टर 'काहीबी खा' म्हणते, त्याची काळजी कर." हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

त्यांची मुलगी नाझनीन नागपूरला आहारशास्त्र शिकत होती. गेल्या सुटीत आली ती पाटी उतरवा म्हणतच. आता कायदा आलाय, पदवी आणि नोंदणीशिवाय कुणाला असं लिहिता येणार नाही. चाचा हसले. "पोरी, पँट पाह्य." पण ती त्यांचा पट्टा पाहत होती. त्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं होती, एकापुढे एक.

"अब्बा, जेवण तर तेच आहे. मंग वजन काहून उतरून राह्यलं?"

"डाएट लागू पडलं."

तपासायला ते तयारच होईनात. "दवाखान्याच्या लायनीत मले कोणी पाह्यलं, तर पाटी आपोआप उतरंल."

चाचा तरुण दिसू लागले, असं गाव म्हणायचं. मला ते कौतुक ऐकून भीती वाटायची. गालफडं बसली, कॉलर मानेपासून सुटली, आणि चाचा मात्र आणखी ताठ चालू लागले. पँट त्यांनी आता दारात टांगली होती.

दिवाळीनंतर डोळे पिवळे झाले, तेव्हा नाझनीननं जबरदस्तीनं त्यांना नागपूरला नेलं. मी भेटायला गेलो त्या दिवशी तिथली आहारतज्ज्ञ वॉर्डात आली. पोरसवदा मुलगी, गळ्यात नाव आणि नोंदणी क्रमांकाचं कार्ड. तिनं केसपेपर वाचला आणि हळूच मिटला.

"काका, आवडेल ते खा. काही बंधन नाही."

नाझनीननं तोंड फिरवलं. चाचांनी त्या मुलीच्या गळ्यातलं कार्ड वाचलं.

"जिलेबी बी?"

"हो काका, जिलेबीसुद्धा."

ती गेली. चाचांनी लेकीचा हात आपल्या हातात ओढून घेतला.

"पाटी उतरव बेटा," ते म्हणाले. "ही लायसनवाली आहे. बरोबरच सांगत असंल."