भिंतीवरचा खिळा आणि हॉलची चावी

जपानात कचऱ्याचा वार चुकला की कचरा बाल्कनीत मुक्कामाला येतो. बाटल्यांचा वार चुकला, बाटल्या साठल्या. पुठ्ठ्यांचा चुकला, पुठ्ठे साठले. माझ्या डोक्यात किस्से असेच साठलेत. ज्या त्या वेळी सांगून टाकायचे, तर तेव्हा मी कांदे चिरत होतो. आता रिटायर झालोय. बायको म्हणते, "लिहून काढा एकदाचे. निदान मला तरी पुन्हा ऐकावे लागणार नाहीत!"

मी सातवी नापास. त्सुकुबातल्या एका इंडियन रेस्टॉरंटचा तंदूर वीस वर्षं सांभाळला. हे गाव शास्त्रज्ञांचं. दर दुसरा माणूस डॉक्टरेट. आणि शिकलेल्या माणसाला फसवणं फार सोपं. त्याला वाटतं, फसवणारा आपल्यापेक्षा जास्त शिकलेला असणार!

खिडकीजवळच्या टेबलावर दर शनिवारी तीन ठरलेली गिऱ्हाईकं. एक हानी, इजिप्तचा पोरगा, गव्हावरच्या तांबेरा रोगावर पीएचडी करत होता. दुसरे आमचे डॉक्टर जोगळेकर, पुण्याचे, लेझरवाले, अतिशय धार्मिक. तिसऱ्या मोरिता-सान, हानीच्या घरमालकीण. वय सत्तरच्या पुढे, आणि गल्लीतल्या कचऱ्याच्या ठिकाणावर त्यांची नजर. त्यांना फक्त नान आवडायचा. आमची भाषा म्हणजे थोडी जपानी, थोडी इंग्रजी, बाकी हातवारे. मला सगळे मामा म्हणायचे.

*

हानीचं लग्न झालं डिसेंबरात. नऊ दिवस संसार केला आणि हा त्सुकुबाला परत. बायको सलमा तिकडच्या एका युनिव्हर्सिटीत शिकवायची. हानीला दोन वर्षं सीनियर, त्याचे पेपर तिनंच तपासलेले! ठरलं होतं की तिनं लांबची रजा घ्यायची आणि इकडे यायचं.

जानेवारीत त्यांच्या देशात लोक चौकात उतरले. सलमाही उतरली. हानी माझ्या काउंटरवर लॅपटॉप उघडून ओरडायचा, "घरी जा! रणगाडे आलेत!" ती काही जाईना. शेवटी तीस वर्षं खुर्चीला चिकटलेला साहेब गेला. त्या दिवशी हानीनं अख्ख्या रेस्टॉरंटला लस्सी पाजली.

महिनाभरानं इकडे भूकंप. माझी बरणी-बरणी खाली. दुसऱ्या दिवशी धक्क्यांवर धक्के चालू, तशात सलमाचा फोन लागला. ती रडत होती.

"ताबडतोब इकडे ये. इथे सगळं सुरक्षित आहे."

"सुरक्षित? तुझ्या दारात काय उभंय?"

"रणगाडा. पण तो हलत तरी नाहीये!"

जोगळेकर साहेब तिसऱ्याच दिवशी कोबेला मित्राकडे गेले. दोन आठवड्यांनी परत आले ते आमच्या मराठी मंडळात 'संकटकाळी धैर्य' या विषयावर बोलायला. मी दारातच विचारलं, "साहेब, सामान सगळं आणलंत ना? धैर्य कोबेला नाही ना राहिलं?"

*

आता सलमाच्या रजेचं ऐका. अर्जावर डीनची सही झाली होती. फक्त शिक्का राहिला होता. शिक्का हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये, आणि हेडक्लार्कच्या डोक्यावर भिंतीला जुन्या साहेबाचा फोटो. तो त्यानं रातोरात उतरवला. राहिला नुसता खिळा.

सलमा म्हणाली, "शिक्का मारा ना."

हेडक्लार्कनं बोट वर केलं. "बाई, खिळा रिकामा आहे. कुणाच्या राज्यात मारू?"

महिने गेले. जपानकडून येणारं व्हिसाचं पत्र तीन महिन्यांत शिळं होतं. हानीनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा शिळं झालं. मी रागानं पीठ आपटत होतो. "अरे, देश बदलला त्या पोरींनी, आणि हा बसलाय खिळ्याकडे बघत!"

*

मग निवडणूक आली. परदेशातल्या लोकांनी मतपत्रिका इंटरनेटवरून काढायची, खूण करायची आणि टोकियोला वकिलातीत पाठवायची. हानीचं ते आयुष्यातलं पहिलं खरं मत. उत्साहाच्या भरात खूण भलत्याच ठिकाणी गेली. त्यानं ती मतपत्रिका कचऱ्यात टाकली आणि दुसरी काढली.

सकाळी सात वाजता बेल. दारात मोरिता-सान. हातात तीच मतपत्रिका, सुरकुत्या काढून सपाट केलेली.

"हानी-सान, हे जळणाऱ्या कचऱ्यात होतं. कागद बुधवारी टाकायचा असतो."

हानी वाकून वाकून माफी मागत होता, आणि हसतही होता. त्यांना वाटलं, पोराला वेड लागलं. संध्याकाळी तो मला म्हणाला, "मामा, आमच्याकडे जुन्या साहेबाच्या काळात मतं नेहमीच कचऱ्यात सापडायची. पण ती घरी आणून देणारं कुणी पाहिलं नव्हतं!"

*

निवडणूक जिंकली कुणी? धर्मवाल्या पक्षानं! चौकात पहिल्या दिवशी आली ती पोरं-पोरी. हे दादा लोक वारा बघून नंतर आले, असं सलमाचं म्हणणं. मी हानीला विचारलं, "असं कसं रे झालं?" त्याला धड सांगता येईना. पण आमच्या मराठी मंडळानं त्याच वर्षी समजावून दिलं.

आमच्या अध्यक्षांनी आठ वर्षं खुर्ची सोडली नव्हती. गणपतीत दर वर्षी एक तास भाषण, आणि भाषण संपेपर्यंत मोदकांना हात लावायचा नाही. त्या वर्षी भाषणाच्या विसाव्या मिनिटाला एक पोस्टडॉक पोरगी उठली आणि तिनं सरळ मोदक खाल्ला. तिच्यामागून सगळा हॉल उठला! ताटं रिकामी, अध्यक्ष माइकवर एकटे. क्रांती झाली!

दुसऱ्या दिवशी क्रांतिकारक आपापल्या लॅबमध्ये. कुणाचे उंदीर, कुणाचे पेपर. पुढच्या वर्षीचा हॉल बुक कोण करणार? जपानीतले फॉर्म कोण भरणार? ते आधीपासून भरत होते जोगळेकर. हॉलची चावीही त्यांच्याकडेच. झाले की अध्यक्ष!

पहिला नियम: प्रसादाच्या जेवणात कांदा-लसूण बंद. दुसरा: बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. मोदक खाणारी पोरगी तावातावानं भांडायला गेली, तर म्हणाले, "ताई, हे लोकांनीच निवडलंय."

हे मी हानीला सांगितलं तर तो टेबल बडवून हसला. "हेच, मामा. अगदी हेच. चौक आमचा, हॉलची चावी त्यांच्याकडे!"

बदला घ्यायचा म्हणून मी पुढच्या गणपतीला एकच रस्सा केला, हिंग घालून, कांद्याचा तुकडा नाही. दोन भांड्यांत ओतला. एकावर चिठ्ठी 'सात्त्विक', दुसऱ्यावर, नियम न पाळणाऱ्यांसाठी म्हणून, 'कांदा-लसूण'. जोगळेकरांनी सात्त्विक चाखला, डोळे मिटले. "शुद्ध अन्नाची चवच वेगळी!" मग दुसऱ्या भांड्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावला. "अहो मामा, काय हा उग्र वास!"

*

तिकडे खिळ्यावर नवा फोटो लागला. हेडक्लार्कला दाढीही आली. सलमा गेली, तर म्हणतो, "बाईमाणसानं परदेशी जायचं, तर नवऱ्याचं परवानगीपत्र हवं." हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं बरं का! पुढे-मागे सांगतील म्हणून यानं आधीच सुरू केलेलं.

हानी संतापानं लाल. "ती मला शिकवायची, मामा! मी तिला काय परवानगी देणार?"

माझ्यातला वात्रट जागा झाला. मी म्हटलं, "लिही: मी, हानी, माझ्या बायकोच्या परवानगीनं तिला परवानगी देतो."

त्यानं तस्संच अरबीत लिहिलं, सही ठोकली, पाठवलं. हेडक्लार्कनं न वाचताच फाइलला लावलं. शिक्का मात्र नाहीच. म्हणे, "पुढच्या आठवड्यात."

पुढचे आठवडे वर्ष खाऊन गेले. मग एका उन्हाळ्यात पुन्हा लोक रस्त्यावर आले, आणि लष्करानं धर्मवाल्यांना उचललं. शनिवारी जोगळेकर साहेब खुशीत. "अभिनंदन, हानी-सान! सुटलात की हो त्या लोकांपासून!"

हानीनं नान खाली ठेवला. त्या पक्षाला त्यानं कधी मत दिलं नव्हतं, त्यांना शिव्या देतच जेवायचा. पण त्या आठवड्यात त्यांची माणसं रस्त्यावर मारली जात होती.

"त्यांच्यातले काही चौकात माझ्या बायकोशेजारी उभे होते," तो म्हणाला. "एकानं तिच्या डोक्यावर स्वतःचं ब्लँकेट धरलं होतं, दगड येत होते म्हणून. तो आता कुठे आहे माहीत नाही."

जोगळेकर म्हणाले, "खरं सांगू का, तुमच्या लोकांना लोकशाही झेपतच नाही."

माझं डोकंच फिरलं. मी काउंटरमागून ओरडलो, "साहेब, आधी हॉलची चावी टेबलावर ठेवा, मग लोकशाहीवर बोला!"

वीस वर्षांत गिऱ्हाइकावर तेवढा एकदाच ओरडलो. ते महिनाभर आले नाहीत. मग आले, गुपचूप. कांद्याची भजी मागवली! चावी मात्र खिशातच.

*

आणि इकडे माझी झोप उडाली. कारण हेडक्लार्कनं दाढी काढली, भिंतीवरचा फोटो काढला आणि फाइलमधून ते पत्र काढलं. सलमाला म्हणाला, "नवऱ्याचं परवानगीपत्र? हे तर त्या लोकांचं वळण. म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्या. चौकशी होणार."

ज्यानं मागितलं तोच हा! हानीनं मला सांगितलं तेव्हा हातातला झारा गळून पडला. मी गंमत केली आणि ती त्या पोरीच्या गळ्याशी आली. व्हिसाचं पत्रही शिळं व्हायला अकरा दिवस उरलेले. मी म्हटलं, "हानी, चूक माझी रे." तो पैसे मोजून ठेवून निघून गेला. ते जास्त लागलं.

*

नवव्या दिवशी रेस्टॉरंटचं दार उघडलं. हानी आत आला, आणि त्याच्यामागून सूटकेस ओढत एक बुटकी, चष्मेवाली बाई. मी पिठाचा हात तसाच कपाळावर मारला. जोगळेकर उठून उभे राहिले. मोरिता-साननी खुर्ची ओढून दिली.

"शिक्का?" मी विचारलं. "मारला त्यानं?"

सलमा इंग्रजीत सांगत होती, हानी जपानीत, आणि जोगळेकर कुणी न सांगताच मराठीत.

खिळा पुन्हा रिकामा होता. या वेळी कुणाचा फोटो लावायचा, हंगामी साहेबाचा की सेनापतीचा, हेच हेडक्लार्कला कळेना. रोज बिचारा घामाघूम. सलमा त्याच्या टेबलाशी गेली आणि हळूच म्हणाली, "खाली स्टोअरमध्ये नवे फोटो वाटतायत. कोण किती उशिरा आलं ते लिहून घेतायत म्हणे."

हेडक्लार्क चपला टाकून पळाला! ड्रॉवर उघडाच. सलमानं शिक्का घेतला, अर्जावर ठोकला, पुसून जागेवर ठेवला.

"मग?" जोगळेकरांचा घास हातातच.

"मग खुर्चीवर चढले," सलमा म्हणाली. "तो फोटो घेऊन येईल तेव्हा कुठे टांगतो बघू, म्हटलं."

तिनं पर्स उघडली आणि आमच्या टेबलावर, नानच्या टोपलीशेजारी, एक गंजका खिळा ठेवला. चांगला बोटभर लांब.

मोरिता-साननी चष्मा लावला, खिळा उचलला, उजेडात धरून उलटसुलट बघितला, आणि पेपर नॅपकिनमध्ये नीट गुंडाळला.

"फोटो जळणाऱ्या कचऱ्यात," त्या म्हणाल्या. "हा त्यात चालत नाही."