हौसाबाईंची दोन नावं

खंडाळा मागे पडला, खंबाटकीचा घाट चढून एसटी पलीकडे उतरली आणि खिडकीबाहेर ऊस सुरू झाला. हा खंडाळा साताऱ्याचा, लोणावळ्याजवळचा नव्हे. तिकीट काढताना माझीही हीच गफलत झाली होती आणि कंडक्टर मनापासून हसला होता. मी अमरावतीची. आमच्याकडे कापूस आणि तूर. इतकं सलग हिरवं बघायची माझ्या डोळ्यांना सवय नव्हती.

मी कामाला निघाले होते. कृष्णेचा पूर ओसरून महिना झाला होता. नदीकाठच्या एका गावातली खालच्या आळीतली घरं पडली होती आणि तिथली कुटुंबं सांगलीजवळच्या एका शाळेत राहत होती. घर सुटलेल्या अशा कुटुंबांना आमची संस्था थेट बँकेच्या खात्यात पैसे पाठवते. चादरी आणि बादल्या वाटण्यापेक्षा ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, असा त्यामागचा विचार. त्याआधी दोन वर्षं मी परदेशात निर्वासितांच्या छावणीत हेच काम केलं होतं. आपल्या देशात, आपल्या भाषेत ते सोपं जाईल असं मला वाटत होतं.

साताऱ्याच्या स्टँडवर शेजारी सुट्टीवर आलेला एक फौजी येऊन बसला. त्याने कंदी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरला.

“पुराच्या कामाला चाललाय व्हय? मग जेवायची काळजी सोडा. ज्यांची घरं गेली, तेच तुमाला वाढत्याल.”

मला ती बोलायची पद्धत वाटली.

सांगलीत शिरताना हळदीचा वास येतो हे ऐकलं होतं. मला मात्र आधी ओल्या भिंतींचा वास आला. दारांच्याही वर, भिंतीवर गाळाची एक सरळ रेघ गेलेली होती आणि त्या रेघेखाली माणसं दुकानं मांडून बसली होती.

शाळेत पाचवीच्या वर्गात चार कुटुंबं होती. फळ्यावर अजून भागाकार तसाच होता. त्याच्याखाली चूल नव्हे, पण गॅसची शेगडी, डबे, दोरीवर लुगडी. इथेच मला हौसाबाई भेटल्या. सत्तरीच्या, काटक, कपाळावर गोंदण. मुलगा ट्रक घेऊन दूर कुठे तरी, सोबत सून आणि दोन नाती. शाळा सोमवारी भरणार होती, म्हणजे त्याआधी वर्ग रिकामे करायचे होते. हौसाबाईंनी उंचावरच्या वाडीत भाड्याची एक खोली बघून ठेवली होती. मालक शनिवारपर्यंत थांबायला तयार होता.

दुसऱ्या दिवशी मी यादी पक्की केली आणि त्यातून एक नाव काढून टाकलं. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, पासबुकावर हौसा, आडनावंही निराळी. एकाच कुटुंबातून दोन नावांनी अर्ज आलाय, असा शेरा मी लिहिला. असे प्रकार मी पाहिले होते, त्यामुळे समोर जाऊन विचारावं असंही मला वाटलं नाही.

दुपारी हौसाबाई माझ्या टेबलाशी आल्या.

“पोरी, माजं नाव न्हाई म्हनं यादीत?”

“आजी, कागदावर दोन बायका आहेत.”

“दोन न्हाईत. एकच हाय. बापाच्या घरी हौसा, नवऱ्याच्या घरी लक्ष्मी. लगीन झाल्यावर तांदळात नाव लिवत्यात, तुमच्याकडं न्हाई लिवत?”

लिहितात. आमच्याकडेही लिहितात. परदेशातल्या छावणीत मी लोकांच्या चालीरीती समजून घ्यायला प्रत्येक वेळी दुभाष्या सोबत ठेवायचे. इथे भाषा आपली म्हणून मी काही विचारलंच नव्हतं.

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “जेवलीस का न्हाई अजून?” आणि ताटात भाकरी, खर्डा (आपला ठेचा, पण दाणे घालून) आणि कांदा घालून ताट माझ्यापुढे सरकवलं. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. निदान तसं म्हणायची सोय झाली.

रेशनकार्डावरच्या नावाने नवीन खातं काढायला अंगठा लागत होता आणि आयुष्यभर खुरपं धरलेल्या त्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्राने तीन वेळा नकार दिला. उरलं ते जुनं खातं. भावाने मरण्याआधी, माहेरच्या जमिनीच्या कागदांसाठी रहिमतपूरला काढून दिलेलं. पूर चढला तेव्हा हौसाबाईंनी ते पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधलं होतं. तिथल्या बँकेने दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं लिहून दिलं, तर माझं कार्यालय ते मानणार होतं. हाताशी फक्त शुक्रवार होता.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघी निघालो. किर्लोस्करवाडी, कराड, मसूर. हौसाबाई खिडकीत बसल्या होत्या. प्रत्येक ओढ्यावर त्या वाकून पाणी किती आहे ते बघत. तारगावला मी उतरायला उठले. त्यांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. “रहिमतपूर म्होरं हाय. माजं म्हायेर हाय का तुजं?”

स्टेशनपासून गाव आत आहे. रिक्षाने बँकेत पोचलो. काउंटरवरच्या तरुणीने पासबुक उघडून नीट पाहिलं.

“खातं आहे. पण या हौसा आणि या लक्ष्मीबाई एकच, हे कोण सांगणार? गावातला आमचा कुणी खातेदार ओळख पटवत असेल आणि प्रतिज्ञापत्रावर सही करत असेल, तर साहेबांशी बोलते. आज दुपारपर्यंत आणा.”

गावात एक फेरी मारून आम्ही परत आलो आणि हौसाबाई बँकेच्या पायरीवर बसून राहिल्या. भाऊ नव्हता. भावजय गेली होती. भाचे पुण्याला, फोन लागेना. ज्यांच्या घरी विचारलं, तिथे नवीन माणसं होती. माहेरात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. पहिल्यांदाच त्या थकलेल्या दिसल्या.

“इब्राहीम असंल का गं?” त्या एकदम म्हणाल्या.

इब्राहीम मण्यार. शाळेत चौथीपर्यंत एका वर्गात. पुढे बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचा, दरवर्षी हौसाबाईंच्या सासरच्या दारीही यायचा. आम्ही बाजारपेठेत विचारत गेलो. तिसऱ्या दुकानदाराने बोट दाखवलं.

दुकान लहान, काचेच्या बांगड्यांनी गच्च भरलेलं. पांढऱ्या दाढीचे गृहस्थ एका मुलीच्या हातात बांगडी चढवत होते. त्यांनी वर पाहिलं आणि बांगडी मधेच थांबली.

“हौसे? जित्ती हाईस व्हय?”

“न जगून काय करू? तू दिसायचा ऱ्हायला हुतास.”

इब्राहीमचाचा उठले. मग मला सांगू लागले. पूर आला तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांनी टेम्पो भरून भाकरी आणि पाणी नेलं होतं. चाचा हट्टाने सोबत गेले होते. “त्या आळीत गेलो तर आळीच न्हाई. हिचं घर न्हाई. एकानं सांगितलं, म्हातारी गेली. मी घरी येऊन दोन दिस जेवलो न्हाई ताई.”

आठवडी बाजाराचा दिवस, दुकानात गिऱ्हाईक. चाचांनी त्या मुलीच्या हातातली बांगडी पुरी चढवली, बाकीच्यांना “आवं, नंतर या” म्हणाले आणि फळी लावली. बँकेत साहेबांसमोर ते ताठ उभे राहिले.

“साहेब, माझं खातं हितंच हाय. हौसा म्हणून ही माझ्याशेजारी बसून पाढे म्हणायची. लक्ष्मी म्हणून हिच्या दारात मी बांगड्या भरल्या. दोन्ही बायका मी वळखतो. कुटं सही करू?”

साहेब हसले. तीन वाजता आमच्या हातात शिक्क्याचं पत्र होतं. मी तिथूनच त्याचा फोटो कार्यालयाला पाठवला. परत फिरण्याआधी चाचांनी हौसाबाईंना दुकानात बसवलं आणि हिरव्या बांगड्या काढल्या. त्या नको म्हणू लागल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी काच घातली नव्हती.

“मी लक्ष्मीला भरतच न्हाई,” चाचा म्हणाले. “हौसाला भरतोय.”

हौसाबाईंनी हात पुढे केला.

शनिवारी दुपारी पैसे आले. रविवारी आम्ही डबे, शेगडी आणि दोन नातींची दप्तरं उंचावरच्या खोलीत नेली. सून दाराशी रांगोळी काढत बसली. चहा झाल्यावरही मला उठवेना, आणि कुणी मला ऊठ म्हटलंही नाही.

परतताना एसटीत मी संस्थेच्या अर्जाचा कागद काढला आणि नावाच्या रकान्याखाली पेनाने एक नवा रकाना आखला: लग्नाआधीचं नाव. तो आता सगळ्या अर्जांवर छापला जातो. मी मदत द्यायला गेले होते. पण चूक पोटात घालून ताट वाढणारी बाई आणि बाजाराच्या दिवशी दुकान बंद करणारा माणूस, हे मला तिथून मिळालं. त्याचे आभार कुणाला लिहून पाठवावेत, हे मला अजून कळलेलं नाही.

अमरावतीला घरी पोचले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. मामा तिला ताई म्हणतात, बाबा ‘अगं’ म्हणायचे, आणि दारावरच्या पाटीवर सुनंदा आहे. मी पिशवी खाली ठेवून विचारलं, “आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं?”

सुपातला तिचा हात थांबला. छत्तीस वर्षांत मी हे विचारलं नव्हतं.

“वेणू,” ती म्हणाली.

मी हात धुवायला आत गेले आणि तिथून हाक मारली, “वेणू!”

मग बाहेरून, मला अनोळखी अशा अगदी हलक्या आवाजात, ती म्हणाली, “ओ.”