अदलाबदलीतला दुसरा

हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली गेली की आयोवातल्या त्या गावात बेसबॉल हार्डवेअरच्या दुकानातल्या शेगडीभोवती खेळला जाई. कुठल्या क्लबानं कोणाला देऊन कोणाला घेतलं, थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये बसायच्या लायकीचं कोण, यावरून म्हातारे हमरीतुमरीवर येत. दाराजवळची खुर्ची ऑर्विल स्टेन्सरूडची. तरुणपणी त्याच्या क्लबानं त्याला दुसऱ्या क्लबाला देऊन तिथला लेलंड प्रूइट नावाचा पोरसवदा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला होता. नव्या क्लबातल्या पहिल्याच उन्हाळ्यात ऑर्विलचा खांदा कायमचा निकामी झाला. प्रूइट मात्र मोठा खेळाडू झाला.

"प्रूइटला आत घ्यायलाच हवं," दुकानदार क्लेटस दर जानेवारीत म्हणे.

"डोंबलाचा प्रूइट," ऑर्विल फिसकारे. "नशिबानं जिंकला तो."

"जळतोस लेका. तुझ्या बदल्यात आला ना तो."

सगळे हसत. मग तो जुना सौदा पुन्हा उकरला जाई. गावात ऑर्विलचं नाव निघे ते तेवढ्यापुरतंच. तो कॉफी फुंकत ऐकत राही.

यंदा प्रूइट हॉल ऑफ फेमसाठी निवडला गेला. क्लेटसनं डोनट वाटले.

दुसऱ्या दिवशी वाद भलत्याच कुणावरून पेटला. दुपारभर प्रूइटचा विषय कोणी काढेना. शेवटी ऑर्विलनंच घसा खाकरला. "प्रूइटची काही ती लायकी नव्हती."

"झालं की आता ते," क्लेटस शेगडीत लाकूड सारत म्हणाला आणि नव्या वादाकडे वळला.

ऑर्विल उठून गेला, ते उघड्या दारातून थंडी आत आली तेव्हा कळलं.