गाडीचं गाऱ्हाणं

मार्चचा दुसरा रविवार. गाडीची ठरलेली किंमत आठ लाख. हजर तिघे: मी, कोल्हापूरचं गिऱ्हाईक आणि आमच्या कट्टा गावच्या बाजारातला मेकॅनिक. गाडी माझ्या मुलाची, जपानी स्पोर्ट्स कार; टर्बो आणि रुंद टायर त्याने याच मेकॅनिककडून बसवून घेतले होते. याच गाडीच्या अपघातापासून मुलगा अंथरुणावर आहे. त्याच्या ऑपरेशनचा खर्चही आठ लाखच सांगितला होता.

मेकॅनिक कमी बोलतो. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन तीनदा ऐकतो आणि मगच म्हणतो, "बरा आसा." आदल्या दिवशी त्याने मला विचारलं, "भाऊनु, अपघाताचा तेका सांगितल्यात मां?"

"त्याने विचारलं नाही," मी म्हणालो. मेकॅनिक बराच वेळ हात पुसत राहिला.

गाडी दुसऱ्या घरी जाताना बोनेटसमोर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायची, सगळं सांगून राखण मागायची, त्याची रीत आहे. त्या रविवारीही त्याने घातलं. "बा देवा म्हाराजा, धामापूरच्या वळणार हिका मार बसलो, चासी वाकली, ती मी सरळ केलंय. आता नव्या मालकाक सांभाळ रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला हजर माणसांनी होकार द्यायचा असतो. तो मान खाली घालून थांबला. मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

गिऱ्हाइकाने खाली वाकून चासी पाहिली आणि भाव उतरवला. सौदा साडेपाच लाखांवर मिटला. सोमवारी ते सगळे हॉस्पिटलात भरले. अडीच लाख अजून कमी आहेत. सौदा जमवण्याचे कबूल केलेले पाच हजार मेकॅनिकला द्यायला गेलो, तर नारळाचे चाळीस रुपये ठेवून बाकीचे त्याने परत केले.