कॅरियरवरच्या विटा

बजाजनगरच्या सिग्नलवर तो रोज भेटायचा. नाव कधी विचारलं नाही. सायकलच्या कॅरियरला गोणपाटात गुंडाळलेल्या विटा बांधलेल्या असायच्या. मित्रांसोबत आठवडाभर सायकल चालवत त्याला कोकणात जायचं होतं.

"सरावाला येळ नाय, साहेब. म्हणून कंपनीत जाता-येता वझं वाढवलं," असं म्हणत तो ढिली झालेली दोरी अंगठ्यानं आवळायचा.

निघायच्या आदल्या दिवशी त्याची रजा नामंजूर झाली. मित्र गेले. विटा मात्र कॅरियरवर तशाच होत्या.

"आता तरी काढा की," मी म्हणालो.

त्यानं दोरी अंगठ्यानं पुन्हा आवळली. "काढल्या व्हत्या काल. सायकल लई हलकी झाली. कंपनीकडं वळवूच वाटंना."

सिग्नल सुटला. विटांसकट तो कंपनीकडं वळला.