पाहुण्याचा उन्हाळा

जगात जे जे म्हणून नाजूक आहे ते सगळं केळीच्या रोपासारखंच सांभाळायचं असतं, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक आहे. पिंप्राळ्यात त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहतो आणि त्यांच्या मुलांची पिकअप चालवतो. सगळी कॉलनी त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मूळचे ते फैजपूरकडचे. उभा जन्म केळीच्या बागेत गेला. आता बाग मुलं बघतात आणि आबा शहरात बसून उरलेल्या जगाची बाग करतात. अंगणातल्या तुळशीला त्यांनी ठिबकची नळी लावली आहे. तिथवर ठीक. पण तीच नळी पुढे पाखरांच्या भांड्यात जाते, तिथून माठाला गुंडाळलेल्या फडक्यावर थेंब थेंब सोडते, आणि तिचं शेवटचं टोक अक्कांच्या कपडे धुवायच्या दगडापाशी संपतं. अक्का म्हणजे त्यांची बायको. त्या म्हणतात, आता माझ्याच डोक्यावर सोडायची राहिली. कुणाकडे बाळ बघायला गेले तर आबा त्याचे नाकडोळे बघत नाहीत. मागून मानेला हात लावतात आणि "बुंधा भरलेला आहे" असं सांगतात. शेजारच्या सूनबाईंना याचा राग आला, तेव्हा आबांनी अगदी गंभीरपणे खुलासा केला की बुंधा बघितल्याशिवाय आपण रोपसुद्धा घेत नाही. हे ऐकून राग गेला की वाढला, ते मला कळलं नाही. आबा स्वतः कधी हसत नाहीत, त्यामुळे समोरच्याला हसावं की नाही याचा अंदाज येत नाही.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे गाडी भरताना बाजूला टाकलेली केळी ते घरी आणतात. डाग पडलेली, वाकडी, एकमेकांना चिकटलेली. त्यांचं पुढे काय करायचं हे त्यांनाही माहीत नसतं. फक्त तिथे टाकून यायचं त्यांच्याच्यानं होत नाही. मग अक्का शेजारीपाजारी वाटत सुटतात आणि आम्ही आठवडाभर शिकरण खातो.

मी या घरात कसा टिकलो तेही सांगायला हवं. मी चंदगडकडचा, आंबोलीच्या घाटाजवळचा. आठवीनंतर शाळा सुटली. गाडीवर क्लीनर म्हणून फिरता फिरता केळी भरायला जळगावला आलो आणि इथलाच झालो. पहिल्याच उन्हाळ्यात मला ऊन लागलं. डोळे उघडवत नव्हते, पाण्याचा घोट पोटात राहत नव्हता. डॉक्टरांचं सलाइन झालं, औषधं झाली, आणि घरी आणल्यावर आबांनी बागेतून कोवळी केळीची पानं मागवून खाटेवर अंथरली, त्यांवर मला निजवलं, वरून एक पान पांघरलं. पान कोमेजलं की बदलायचे. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या गावात, एक म्हातारा माणूस माझ्या अंगाखालची पानं बदलत होता आणि मला नीट "असू दे" म्हणण्याएवढीही ताकद नव्हती. तेव्हापासून आबा काहीही म्हणाले की मी आधी हो म्हणतो आणि मग काळजी करायला लागतो.

यंदा होळीच्या आधी मी त्यांना धुळ्याला घेऊन गेलो. तिथे त्यांचे एक कापडवाले शेठ मित्र आहेत. दोघे वर्षातून दोनदा भेटतात, समोरासमोर बसतात, फारसं बोलत नाहीत आणि फार छान गप्पा झाल्या म्हणून उठतात. शेठच्या घरी बुलडॉगची मादी आहे. तिला तीन पिल्लं झाली होती. दोन लोकांनी नेली, एक उरलं होतं. पांढरं, पाठीवर तांबूस ठिपका, तोंडाला इतक्या घड्या की आत कुत्रा आहे की नुसतीच दुमडलेली चादर, असं वाटावं. त्याच्या नाकपुड्या चिंचोळ्या होत्या. श्वास घेताना असा आवाज यायचा की कुकरची शिट्टी आता होईल, आता होईल, आणि होत नाही. शेठ म्हणाले, "आबा, हा काय चालणार नाही." आबांनी त्या पिल्लाकडे बराच वेळ बघितलं. मग त्याच्या मानेला मागून हात लावला.

"चालायचं काय काम आहे त्याले?" आबा म्हणाले. "बसू द्या."

मला वाटलं पिल्लू लगेच गाडीत येईल. पण जमीन तयार नसताना रोप आणणारा माणूस तो नव्हे. आठ दिवसांनी नेतो असं शेठना सांगून आम्ही रिकामे परतलो. वाटेत पारोळ्याला चहा घेताना आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी या गावचा नाही, तो बी नाही. तुले जे होते ते त्याले होईल. आता तूच सांगायचं मले."

अशी माझी नेमणूक झाली. घरात धान्याची एक खोली होती, ती रिकामी केली. फरशीवर गोणपाट, गोणपाटावर केळीची पानं. पाण्याचं भांडं खोल नको, पसरट हवं, कारण तोंड चपटं. त्यासाठी अक्कांची परात गेली. खिडक्यांना ओले पडदे, दाराशी कूलर. प्रत्येक गोष्ट झाली की आबा मला आत बसवायचे आणि विचारायचे, "तुले कसं वाटू राह्यलं?" मी पानांवर बसायचो आणि बरं वाटतंय म्हणायचो. अक्का दारातून म्हणायच्या, "एवढं माझ्या बाळंतपणात नाही केलं कुणी." आबा म्हणायचे, तेव्हा कूलर नव्हते.

पिल्लू आलं. नाव मात्र ठेवलं नाही. केळ निसवल्याशिवाय, म्हणजे केळफूल बाहेर पडल्याशिवाय, आबा त्या झाडाला आपलं म्हणत नाहीत. त्याच नियमाने या पिल्लाचा एक उन्हाळा निघाला की मगच नाव. तोवर तो पाहुणा. पाहुण्याची सेवा पाहुण्यासारखीच चालली. जेवण झालं की आबा मऊ धोतराच्या तुकड्यानं त्याच्या तोंडावरची एकेक घडी उघडून पुसायचे, कोरडी करायचे, पुन्हा मिटवायचे. पायऱ्या उतरताना उचलून घ्यायचे. तो झोपला की इतका घोरायचा की समोरच्या घरातल्या काकांनी एकदा विचारलं, आबांना दमा कधीपासून? आबांनी तेही मान्य केलं. पाहुण्याला नाव पडण्यापेक्षा आपल्याला पडलेलं बरं, असा काहीसा विचार असावा.

पण पाडवा झाला आणि ऊन चढलं. आबांनी मग केळीवाल्यानंच करावी अशी एक चूक केली. केळी पिकवायची खोली गच्च बंद ठेवतात. फट राहिली की आतला गारवा गेला. त्यांनी पाहुण्याच्या खोलीची प्रत्येक फट बोळे कोंबून बंद केली, कूलर आतच ठेवला, आणि दुपारी मला पाहुण्याबरोबर बसवलं. हवा गार होती, पण ओली, जड. थोड्या वेळानं मला श्वास पुरेना. बाहेरून आबांनी विचारलं, कसं वाटू राह्यलं? मी म्हणालो, छान. मला वाटलं, मलाच सवय नसेल. तेवढ्यात पाहुण्याकडे लक्ष गेलं. तो उभा होता, पाय फाकवून, आणि जीभ निळसर दिसत होती. मी हाक मारायच्या आत अक्कांनी दार ढकललं, माझा शर्ट बघितला आणि म्हणाल्या, "हा छान? याचा शर्ट पिळला तर परात भरेल." मग त्यांनी एका हातानं बोळे उपटले आणि दुसऱ्या हातानं पाहुण्याला उचलून सावलीत नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला वाचवलं. त्यांनी समजावून सांगितलं की याला घाम येत नाही, हा श्वासानंच गार होतो, आणि कोंडलेल्या ओल्या हवेत तेच होत नाही. नाकपुड्या मोठ्या करता येतील, पण जरा वाढल्यावर. तोवर थंड जागा हवी. एसी म्हणाल तर दुपारी वीज जाते. मे महिना याला इथे निभणं कठीण आहे.

आबा घरी आले, खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. अक्कांनी चहा ठेवला तो तसाच राहिला. मला भीती होती की आता ते मला म्हणतील, तू सांगायला होतास ना. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या गावाले कूलर लागतो?"

मी म्हणालो, पंखासुद्धा नाही आबा. चैत्रातही पहाटे पांघरूण लागतं.

गावाला मी फार वर्षांत गेलो नव्हतो. मोठा होऊनच परत येईन असं आईला सांगून निघालो होतो, आणि आता मोठा झालो असं कुठल्या दिवशी समजायचं ते मला कधी कळलंच नाही. पैसे पाठवायचो, फोन करायचो. आबा दर दिवाळीला म्हणायचे, जाऊन ये, आणि फक्त त्याच बाबतीत मी हो म्हणून टाळायचो. या वेळी टाळता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर पिकअप काढली. आबांच्या मांडीवर केळीचा खोका, खोक्यात पानं, पानांवर पाहुणा.

सकाळी गावात पोचलो. अंगणात धुकं होतं. आई बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, मग खोक्यात बघितलं, आणि आधी काय विचारावं ते तिला सुचेना. मी वाकून पायाला हात लावला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास." त्यानंतर आबांनी तिला सगळं शिकवलं. घड्या कशा पुसायच्या, पायरी चढू द्यायची नाही, तळ्यात सोडायचं नाही, हा पोहत नाही, बुडतो. आई पदर खोचून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हशीचंबी कुणी एवढं सांगितलं न्हवतं. तुमी घोर लावून घेऊ नका." पाहुणा शेणानं सारवलेल्या ओसरीवर पोट टेकून पसरला आणि घोरायला लागला. आबा त्याच्याजवळ वाकले. त्यांनी मानेला मागून हात लावला आणि गाडीत येऊन बसले.

परतीच्या वाटेवर रिकामा खोका त्यांनी मांडीवरच ठेवला. मागे टाकू का विचारलं तर असू दे म्हणाले. गाव मागे पडल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुझी माय इतके दिवस एकटीच राह्यत होती?"

मी हो म्हणालो. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "त्याले दिवाळीले आणायले जाऊ. तोवर मधून मधून तू बघून येत जाय."

आता मे महिना आहे. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं आहे. रोज दुपारी जेवण झालं की आबा गावाला फोन लावतात. आई फार बोलत नाही. फोन ओसरीवर पाहुण्याच्या तोंडाजवळ ठेवते आणि आपल्या कामाला जाते. आबा इकडे तो छातीवर ठेवून डोळे मिटतात. थोड्या वेळानं दोन घोरणी ऐकू येतात, एक फोनमधलं आणि एक खुर्चीतलं. अक्का येऊन फोन बंद करतात. आई त्याला आता पाहुणा म्हणत नाही, सोन्या म्हणते. आबांना मी ते सांगितलेलं नाही. त्यांचा नियम आहे, आणि उन्हाळा अजून निघालेला नाही.

धान्याची खोली तशीच आहे, पानं सुकली आहेत. ज्याच्यासाठी आबा मला विचारायचे तो इथे नाही. तरी संध्याकाळी गाडी लावून मी अंगणात आलो की आबा माठाचं पाणी हातात देतात आणि विचारतात, "तुले कसं वाटू राह्यलं?" आता मी छान म्हणत नाही. गरम होतंय आबा, असं सांगतो. मग ते सावकाश उठतात आणि माझ्या खोलीची खिडकी उघडून येतात.