भाणाखालचं रबर

बाबा तुयेच्या औद्योगिक इस्टेटीत रबरी चपलांच्या कारखान्यात होते. दर शनिवारी कामगारांना कातरणांचं एक पोतं फुकट मिळे. मालक त्याला बक्षीस म्हणत. मी त्याला कचरा खपवणं म्हणे, पण घरातच.

त्या पावसाळ्यात ताई बाळंतपणाला आली होती. बाळ चार-पाच दिवसांचं असताना माझ्या हाती एक पत्रक आलं. युरोपातले देश कारखान्यांचं रबर, प्लास्टिक, पुन्हा कधी न उगवणारं सगळं जाळून ऊर्जा काढतात आणि हिशेबात त्याला वेगळा रकाना देतात, असं त्यात होतं. मी ते स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून संतापाने वाचलं. ‘त्या रकान्यात माणसाची फुप्फुसं कुठे आहेत?’ हा शेवट दोनदा वाचला. आई पेज ढवळत होती. तिने ते चांगली बातमी म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली कातरणं पेटली. लाकडं ओली होती आणि बाळंतिणीला पाणी खूप लागतं.

आमच्याकडे न्हाल्यावर बाळाला ओव्या-वेखंडाची धुरी देतात. निखारे भाणाखालचेच घ्यायचे. आईने सवयीने तेच घेतले. त्यांना वितळलेलं रबर चिकटलं होतं. बाळ खोकलं, मग त्याचा आवाजच बंद झाला. ताई त्याला घेऊन अंगणात धावली. तिथे ते एकदाचं रडलं.

“आई, विष आहे हे!”

“युरोपात जाळल्यार चलता, आणि माझ्या भाणाखाली नको?”

“त्यांच्याकडे उंच चिमण्या आहेत, धूर गाळायची यंत्रं आहेत.”

“मग ता कित्याक वाचूक नाय?”

ते पत्रकात नव्हतं.

मी पोतं डोक्यावर घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेलो. राखणदार म्हणाला, “आमका नको म्हणान तर तुमका दिला.” मी ते परत आणून कुंपणाशी टाकलं. सकाळी तिथे पोतं नव्हतं आणि शेजारच्या काकींच्या न्हाणीतून काळा धूर थेट बाळाच्या खिडकीत येत होता.

मी पत्रक घेऊन निघालो.

“तू रव,” ताई म्हणाली. “मी जातंय.”

सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, चालू असताना बाळंतीण कुणाच्या दारात जात नाही. ताई बाळाला आईकडे देऊन थेट काकींच्या न्हाणीत गेली. काकींनी लगेच पाणी ओतून विस्तव विझवला. धुरामुळे की सुवेरामुळे, हे मी विचारलं नाही.